अठ्ठाविसाव्या दिवसाचं मागणं

नासोलोवा,
मंगळवार, भरती चढताना

वन्सं उनाइसी यांना, त्यांच्या सुवा शहरातल्या निळ्या पत्र्याच्या घराला, आणि त्या घरातल्या, ज्यांवर आजवर कुणालाच बसू दिलेलं नाही त्या पांढऱ्या खुर्च्यांना, तुमच्या भावाच्या बायकोचा, म्हणजे ताराइवीनीचा, वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनानं. कंबर सध्या रजेवर आहे.)

तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? मागच्या नाताळात तुम्हाला बोटीतून उतरवायला चार माणसं लागली होती, आणि तुम्ही मात्र सारखं बजावत होतात की केसांना हात लावू नका. केस अजून तसेच काळेभोर आहेत ना? बाटली संपली नसेल तर असतीलच. रागावू नका. नणंद-भावजयांनी एकमेकींची थट्टा करायची ही आपली रीत नसती तर आपण दोघी चाळीस वर्षं बोललो तरी काय असतो. तुमचा एरोनी कसा आहे? लग्नाची धावपळ सुरू झाली असेल. कांडावू बेटावरच्या त्या गरीब मुलीला सासूचा स्वभाव अजून कुणी सांगितला नसेल अशी आशा करते. आणि तुमची ती मागची खोली, जास्वंदीच्या बाजूची, खिडकीतून वारा येणारी, अजून रिकामीच आहे ना? सहज विचारते.

इकडे सगळं ठीक. तुमचा भाऊ जाळं दुरुस्त करतो असं सांगून जातो आणि नीरफणसाखाली झोपतो. जाळ्याला त्यामुळे आराम मिळतो. डुकरीला सात पिल्लं झाली. फोन का केला नाही असं म्हणाल, तर फोनला आवाज टेकडीवरच्या आंब्याखालीच येतो हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि माझी चप्पल तुटली आहे. (दोन्ही पायांची.) म्हणून पत्र. गुरुवारच्या बोटीच्या खलाशाकडे देईन. बोटीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची आहे, पण ती शेवटी.

मी ओसरीत चटई विणत बसले आहे असं समजा. केवड्याची पात एकावर एक, एकाखाली एक, आणि समोर पाणी पायरीपर्यंत येऊन थांबतं, मागे जातं, पुन्हा येतं. या दिवसांत मला दुपारी काय स्वप्न आणि काय खरं हे नीट कळेनासं झालं आहे. वय असेल. पण तुम्हाला जे सांगणार आहे ते सगळं खरं आहे. जिथे स्वप्न आहे तिथे स्वप्न म्हणून सांगेन.

थोरल्यांची नात मिला तुम्हाला आठवते ना? तीच, जिनं नाताळात चर्चमध्ये सगळ्यांदेखत तुम्हाला सांगितलं होतं की तुमचा सूर पाण्याखालून येतो. आता अकरा वर्षांची झाली. आईबाप तिकडे हॉटेलात कामाला, म्हणून ती इथे आजोबांजवळ, आणि आजोबा गावाचे प्रमुख, म्हणून पोरगीही मान वर करून चालते. दोन वर्षांपूर्वी तिचा घसा दुखला. घसा काय, सगळ्यांचा दुखतो, लिंबाच्या पानांचा चहा दिला. मग गुडघा सुजला. गुडघ्यातून सूज उठली ती घोट्यात गेली, तिथून दुसऱ्या गुडघ्यात, सणाचा पाहुणा कसा घरोघर जेवत हिंडतो तशी. ताप उतरला, सूज गेली, आम्ही देवाचे आभार मानले. पण पाहुणा जाताना एक दार मोडून गेला होता. सुव्याच्या डॉक्टरांनी तिच्या छातीवर थंडगार चीक लावून टीव्हीवर हृदय बघितलं आणि म्हणाले, हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, पुढे गेलेलं रक्त थोडं मागे येतं. दर अठ्ठाविसाव्या दिवशी पेनिसिलिनची सुई, वर्षानुवर्षं. सुई चुकली आणि तो ताप पुन्हा आला, तर दार बिजागरीतून निखळेल, आणि मग पोरीला समुद्रापार नेऊन छाती उघडावी लागेल. एवढं साधं आहे, वन्सं. मला गावच्या आरोग्यसेविकेचं सहा आठवड्यांचंच शिक्षण आहे, एक पेटी आहे, तिच्यात पट्ट्या, तापमापक आणि मीठसाखरेच्या पुड्या. बाकीचं मी कान उघडे ठेवून शिकले. पण हे मला पहिल्याच दिवशी समजलं, कारण दार न मिटणारं घर मी बघितलेलं आहे. लग्न होऊन आले तेव्हा तुमच्याच घराचं तसं होतं.

त्या रात्रीपासून (आता हे स्वप्न आहे) मी अधूनमधून मिलाच्या छातीत जाते. खांबांवर उभं घर आहे, आत चार खोल्या, खाली पाणी. सगळं लालसर, दिवेलागणीला असतं तसं. तीन दारं शहाण्यासारखी उघडतात, मिटतात. चौथं केवड्याच्या पातीचं आहे, पावसात भिजून फुगलेलं, चौकटीत बसत नाही. प्रत्येक वेळी थोडं पाणी फटीतून मागे येतं. मी करवंटीनं ते उपसत बसते आणि मला अजिबात दमायला होत नाही. (हेच त्या स्वप्नातलं सगळ्यात सुखाचं.) कधी कधी तिथे तुम्हीही असता, पांढऱ्या खुर्चीवर बसलेल्या, आणि मला सांगत असता की कोपऱ्यात अजून राहिलं आहे.

तर सुई. सुई आणते सिस्टर केलेरा, पलीकडच्या खाडीतल्या आरोग्य केंद्राची. सव्वीस वर्षांची आहे, आवाज इतका मऊ की कोंबडीही अंड्यावरून उठत नाही. औषध बर्फाच्या पेटीत येतं, पांढरं, घट्ट, नारळाच्या पहिल्या दुधासारखं, आणि जाड सुईतूनच उतरतं. (तुमच्या भावानं एकदा त्या पेटीत दोन मासे ठेवले होते. केलेराचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला.) ती मिलाची नाडी बघते, पावलं दाबून सूज बघते, घसा बघते, दात घासलेत का बघते, कारण तोंडातली घाण रक्तातून थेट त्या मोडक्या दारापाशी जाऊन बसते म्हणे. आणि विचारते, रात्री किती उशा घेऊन झोपतेस? मिला म्हणते, एक. केलेरा मान हलवते, चांगलं आहे, हृदय थकलं की आडवं पडल्यावर दम लागतो आणि उशा वाढतात. हा उशांचा प्रश्न मला कधीच आवडला नाही. कोण किती उशा घेतं हे काय विचारायचं असतं?

अठ्ठावीस दिवस मोजायचं काम माझं. कॅलेंडरावर माझा विश्वास नाही, त्यातले महिने एकसारखे नसतात. मी दोन करवंट्यांत अठ्ठावीस कवड्या ठेवल्या, रोज पहाटे एक या करवंटीतून त्या करवंटीत. दीड वर्ष बिनचूक चाललं. मग एका महिन्यात वारा असा सुटला की केलेराची बोट खाडीतून निघालीच नाही, आणि पुढच्या महिन्यात मीच चुकले. तुमच्या भावाला जाळ्याला वजनं हवी होती. त्यानं पुढच्या करवंटीतल्या तीन कवड्या उचलल्या, का तर त्या “नुसत्याच पडल्या होत्या.” मी पहाटेच्या अंधारात उरलेल्या न बघता नुसत्या सरलेल्या कवड्या मोजल्या, पंचवीस भरल्या, अजून तीन दिवस आहेत असं समजले, आणि पोरीला खुशाल मावश्यांबरोबर पलीकडच्या बेटावर केवडा कापायला पाठवलं. दुपारी केलेरा बर्फाची पेटी मांडीवर घेऊन आमच्या ओसरीत बसली. चहा घेतला, पेटी उचलली आणि गेली. त्या दिवशी मी तुमच्या भावाला जे बोलले ते पत्रात लिहिता येत नाही, पण त्यातलं बरंचसं तुमच्या घराण्याबद्दल होतं.

म्हणून तिसऱ्या महिन्याला मी सकाळीच मिलाला न्हाऊ-माखू घालून बसवली. केलेरा आली, बोटवाल्यानं सांगितलं की ओहोटी लागायच्या आत निघायला हवं, नाहीतर प्रवाळाच्या खडकांतली वाट बंद होईल. आणि मी वळून बघते तर पोरगी नाही. शोधशोध. मिला चर्चमध्ये, प्रवचनाच्या चौथऱ्याखाली जाऊन बसली होती. तिथून कुणाला ओढून काढायची रीत नाही, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. मी गुडघ्यांवर बसून आत डोकावले. म्हटलं, “बाहेर ये, राणी. मुंगी चावल्यासारखं होईल.”

“तू कधी घेतलीस?” आतून आवाज.

“मला गरज नाही पडली.”

“मग मुंगी चावल्याचं कसं कळलं?”

तिला आणखी बोलायचं होतं. “आजी, माझ्या आजोबांकडे नारळाचं एक झाड जरी मागायचं असलं तरी तुम्ही देवमाशाचा दात घेऊन येता, मान खाली घालून बसता, टाळ्या वाजवता. आणि माझ्या अंगात एवढी मोठी सुई घालायची तर दोन मावश्या पाय धरतात आणि तू खांदे. माझ्याकडे कुणी मागितलं?”

वन्सं, मला वाटलं होतं पोरगी सुईला भिते. सुईला सगळेच भितात. पण ती माझ्या हातांबद्दल बोलत होती. मागच्या खेपेला तिच्या खांद्यावर माझ्या बोटांचे चार वळ उठले होते, ते मी खोबरेल लावून जिरवले आणि विसरले. ती विसरली नव्हती. मी तिथेच चर्चच्या चटईवर बसून राहिले. खिडकीतून पाण्याची तिरीप छतावर नाचत होती, मिलाचा श्वास ऐकू येत होता, आणि केलेरा दारात उभी राहून हळूच म्हणाली, “दोन चुकल्यात, आजी. तिसरी चुकली तर मला झोप येणार नाही.”

मग मी उठून घरी गेले, पत्र्याची पेटी उघडली, आणि देवमाशाचा दात बाहेर काढला. (कुठला दात, तो पुढे. आत्ता नको.)

आता रीत तुम्हाला मी काय सांगणार, पण दात पुढे ठेवून मागितलं आणि समोरच्यानं तो हातात घेतला, की दिलं. मग नाही म्हणता येत नाही. राज्यं अशी दिली गेली आहेत. पण अकरा वर्षांच्या पोरीपुढे दात ठेवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, आणि थोरल्यांच्या वतीनं बोलणारा आपला फिलिमोनी, जो शिंक आली तरी आधी पूर्वजांची नावं घेऊन मग शिंकतो, तो तर ऐकूनच पांढरा पडला. म्हणाला, “ताराइवीनी, तीस वर्षं मी दात स्वीकारतो आहे. जमिनीसाठी स्वीकारले, लग्नासाठी स्वीकारले, भांडण मिटवायला स्वीकारले. कुल्ल्यासाठी नाही स्वीकारला.”

“मांडीत देतात का विचारू?” मी म्हटलं.

थोरले यांगोनाच्या मुळांच्या गुंगी आणणाऱ्या पेयाची करवंटी तोंडाला लावून बसले होते. त्यांनी ती सावकाश संपवली, खाली ठेवली आणि म्हणाले, “दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं तर विचारावं लागतं, फिलिमोनी. हद्द केवढी आहे, ते मोजायचं नसतं.” आणि आपल्या चटईवर थोडं बाजूला सरकले. त्या रिकाम्या जागेवर मिला येऊन बसली. चौथऱ्याखालची धूळ केसांत, पाठ ताठ.

मी समोर मान खाली घालून बसले आणि रीतीप्रमाणे आधी आपल्याच वस्तूची निंदा केली. म्हटलं, हा दात लहान आहे, पिवळा आहे, उंदरानं कुरतडल्यासारखा आहे, याची दोरीसुद्धा कुजली आहे, तुझ्यासारखीपुढे ठेवायला मला लाज वाटते. मग खरं ते बोलले. म्हटलं, तुझं अंग तुझं आहे. आजवर आम्ही न विचारता आत आलो. मी तुझे खांदे धरले. आज विचारते आहे. केलेराच्या सुईला वाट दे, आणि दर अठ्ठाविसाव्या दिवशी दे, म्हणजे तुझं घर उभं राहील. एवढं बोलून माझा श्वास संपला. (वाक्य लांब होतं.)

मिला बराच वेळ दाताकडे बघत होती. बाहेर बोटवाला पाण्याकडे बघत होता. मग तिनं अटी सांगितल्या, थेट आजोबांच्या आवाजात. कुणी धरायचं नाही. औषध थंड टोचायचं नाही, एक गाणं होईपर्यंत हातात धरून ऊब द्यायची. आजीनं हात पुढे करायचा, पण पकडायचा नाही, पकडेल ती मिला. आणि दुखणार नाही असं कुणी खोटं बोलायचं नाही. केलेरा म्हणाली, “कबूल.” मिलानं दात उचलला, नाकाशी नेला, मोठ्या माणसांसारखा हुंगला आणि मांडीवर ठेवला. आम्ही ओंजळीनं टाळ्या वाजवल्या. फिलिमोनीही वाजवत होता, डोळे पुसत. त्याचे डोळे यांगोनानं भरून येतात असं तो सांगतो.

गाणं निवडायचं काम फिलिमोनीकडे गेलं आणि त्यानं सहा कडव्यांचं निवडलं. केलेरा दोन्ही तळव्यांत औषध धरून डोळे मिटून बसली होती, जणू पाखराचं पिल्लू धरलं आहे. चौथ्या कडव्याला बोटवाल्यानं दारातून हात हलवला, पण तोही तिसरा सूर धरून गात होता. मग केलेरानं जागेवर अंगठा दाबून दहा मोजले, सुई घातली आणि औषध इतकं हळू सोडलं की मला वाटलं भरती-ओहोटी दोन्ही होऊन जातील. मिलानं माझा हात पकडला. वन्सं, त्या हातानं मी तीन दिवस चटई विणली नाही. सुई निघाली तेव्हा ती म्हणाली, “दुखलं.” केलेरा म्हणाली, “हो. दुखतंच.” बस. आजवर त्या पोरीशी आम्ही कुणी इतकं सरळ बोललो नव्हतो.

सुईनंतर अर्धा तास लक्ष ठेवायचं असतं, म्हणून केलेरा थांबली (बोटवाला बडबडत बोट ढकलून खोल पाण्यात घेऊन गेला), आणि तेवढ्या वेळात तिनं मिलाच्या कानात आपली नळी घालून तिला तिचंच हृदय ऐकवलं. पोरीचा चेहरा असा झाला की काय सांगू. म्हणाली, पाणी फटीतून मागे येतंय. मी तिला माझं स्वप्न कधी सांगितलं नव्हतं. मग तिनं आजोबांचं ऐकलं. ते यांगोना पिऊन झोपले होते. म्हणाली, होडी वल्हवल्यासारखं, सावकाश. मग फिलिमोनीचं, तो अदबीनं छाती पुढे करून बसला. मग माझ्याकडे आली. बराच वेळ ऐकलं. जरा डावीकडे, जरा खाली. आणि म्हणाली, “आजी, तुझंही दार वाजतंय.” केलेरानं नळीसाठी हात पुढे केला, आणि मी उठले, कारण चुलीवर काहीतरी करपत होतं. (चुलीवर काही नव्हतं.)

आता माझ्या फजितीचा भाग. मला वाटलं होतं, पोर आहे, संध्याकाळपर्यंत दाताशी खेळेल आणि कंटाळून परत देईल. संध्याकाळी मी तळलेले गोड गोळे घेऊन गेले. तिनं ते खाल्ले, आभार मानले. दुसऱ्या दिवशी अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवून नेली. तीही खाल्ली. तिसऱ्या दिवशी मी सहज विषय काढला. मिला म्हणाली, “आजी, दिलेलं परत मागतात?” थोरल्यांना सुचवून पाहिलं, ते म्हणाले, “तिचा आहे.” फिलिमोनीला विचारलं, तर त्यानं मला तासभर रीत समजावली, म्हणजे जी मीच त्याला त्या दिवशी समजावली होती ती. पोरगी रोज त्या दाताला खोबरेल चोळायची, उशाशी घेऊन झोपायची. आणि मला तर तो दात काहीही करून परत पेटीत हवा होता, का ते पुढे सांगते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अठ्ठावीस कवड्या सरल्या. (नव्या. तुमच्या भावाच्या जाळ्याला आता दगड आहेत.) मागच्या गुरुवारी केलेरा आली तेव्हा मिला आधीच चटईवर बसली होती, गाणं कुठलं ते ठरवून. सुई झाली. पावलांवर सूज नाही, नाडी ठीक, आता या आठवड्यात सुव्याला नेऊन पुन्हा टीव्हीवर बघायचं. जाताना केलेरा आणि मिला नारळाखाली काहीतरी कुजबुजत होत्या, मला वाटलं मुलींचं काही असेल.

आणि परवा रविवारी, प्रार्थना झाली, जेवण झालं, मी खांबाला टेकून जराशी कलंडले होते. पाणी अगदी स्थिर होतं, आकाश खाली उतरून त्यात बसल्यासारखं, आणि मला वाटलं स्वप्नच पडतं आहे, कारण मिला दारातून गुडघ्यांवर सरकत आत येत होती, कमरेला सणासुदीला गुंडाळतात ती चटई, मागे फिलिमोनी, आणि तिच्या दोन्ही हातांत दात. माझ्या समोर बसली, मान खाली घातली आणि बोलायला लागली. हा दात लहान आहे, पिवळा आहे, उंदरानं कुरतडल्यासारखा आहे, असं. वन्सं, मागणं आधी पुरतं ऐकायचं आणि मग दात घ्यायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मला दातच दिसत होता. महिनाभर मी त्याच्यासाठी झुरले होते. ती दोरीपर्यंत पोचली असेल नसेल, मी पुढे वाकून दात उचलला, हुंगला आणि पोटाशी धरला. फिलिमोनीनं डोळे मिटून घेतले.

मिला अजिबात घाबरली नाही. तिनं वाक्य पुरं केलं. म्हणाली, “आजी, गुरुवारची बोट. माझ्याबरोबर तूही यायचं. सुव्याला टीव्हीवर तुझं हृदय बघायचं, सिस्टरनं चिठ्ठी दिली आहे. त्यांनी सुई सांगितली तर घ्यायची.” आणि मग जरा जवळ सरकून, हळू, “तुला कुणी धरणार नाही. म्हणून तर मागितलं.”

ती गेल्यावर मी तो दात पोटाशी घेऊन पडून राहिले. आणि मला काय आठवलं सांगू? मी नऊ वर्षांची असताना माझाही गुडघा सुजला होता, मग घोटा, मग दुसरा गुडघा. खडकांवर फार हिंडते म्हणून, असं माझी आजी म्हणायची आणि तेल चोळायची. पावसाळा आला आणि गेला, मी चटईवरच होते. मला वाटायचं मी होडी आहे, ओढून वर ठेवलेली, आणि भरती आली की कुणीतरी मला पुन्हा पाण्यात ढकलेल. ढकललं, बरी झाले, लग्न झालं, तुम्ही भेटलात. दाराकडे परत बघितलंच नाही. साठ वर्षं ते वाजत असणार, आणि मला वाटायचं समुद्र आहे.

भरती उतरायला लागली आहे. पत्र इथेच थांबवते. तुमच्या गुडघ्यांना आराम पडो, केसांना बाटली मिळो, एरोनीच्या लग्नात पाऊस न पडो.

तुमची आज्ञाधारक (फक्त कागदावर) भावजय,
ताराइवीनी

ता. क. तो दात तुमचा. एरोनीच्या लग्नात कांडावूला न्यायचा म्हणून, सुव्यात चोर फार म्हणून, तुम्ही माझ्या पेटीत ठेवलेला, तुमच्या वडिलांचा. लहान, पिवळा आणि उंदरानं कुरतडलेला हे मी रीतीप्रमाणे बोलले, तो उत्तम आहे. दोरी मात्र खरंच कुजली होती, मिलानं नवी विणली.

आणखी ता. क. माझ्या चपला धड आहेत. टेकडी चढवत नाही, पाच पावलांवर बसावं लागतं. उशा तीन. तुमच्या भावाला यातलं निम्मंच सांगितलं आहे, उरलेलं तुम्ही सांगा, तो तुम्हाला भितो. गुरुवारी मी आणि मिला या पत्राबरोबरच येतो आहोत, म्हणजे पत्र आणि आम्ही एकदमच पोचू, पण आधी पत्र वाचा, मग आमच्याकडे बघा. धक्क्यावर मी काही कारण काढून परत बोटीत चढायला लागले, तर चढू देऊ नका. मला आजवर एकही सुई लागलेली नाही. मुंगी चावल्यासारखं होतं म्हणतात.

शेवटचं ता. क. दात तुम्हाला परत मिळेल, पण नुसता नाही. मी तुमच्या समोर बसून, मान खाली घालून, तो पुढे ठेवणार आहे, आणि मागणं हे आहे. जानेवारीपासून मिला सुव्याच्या शाळेत. जास्वंदीच्या बाजूची खोली तिला द्या. पांढऱ्या खुर्चीवर बसू द्या. कवड्या मी बरोबर आणते आहे, अठ्ठावीस, रोज पहाटे एक. मी तिथे असेन की नसेन हे आता डॉक्टर सांगतील, म्हणून हे तुमच्याकडे. तुम्हाला नाही म्हणायची सोय नाही, कारण दात तुमचाच आहे आणि लग्न नोव्हेंबरात आहे. आणि अठ्ठाविसाव्या दिवशी केलेरासारखी कुणी सुई घेऊन आली की मिलाला धरू नका. तिच्याकडे मागा.